सांगलीतून पहिले पुस्तक काढताना: ५०० प्रती, १० फर्मे, ३ प्रुफे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत तिघे मिळून छोटी प्रकाशनसंस्था सुरू करत आहेत. पहिले पुस्तक एका निवृत्त शिक्षिकेच्या ललितलेखांचे, सुमारे ४० हजार शब्दांचे. किती प्रती छापाव्यात, कामे कोणत्या क्रमाने करावीत आणि पैसे नेमके कुठे बुडतात?

आधी निकाल सांगतो, मग कारणे. डेमी आकार (साडेपाच बाय साडेआठ इंच) घ्या, ५०० प्रती छापा आणि हाताशी असलेल्या वेळातला निम्मा वेळ मुद्रितशोधनाला, म्हणजे प्रुफे (छपाईआधीची कच्ची पाने) वाचून चुका काढायला द्या. मोठ्या संस्थेकडे विक्रीची माणसे असतात, दुकानांशी जुने व्यवहार असतात. छोट्या संस्थेकडे यातले काही नसते. एका पुस्तकाकडे दोन-तीन महिने नीट बघण्याची सवड मात्र असते, आणि पुस्तक चांगले होते ते तिच्यामुळे. मशीन सुरू झाल्यावर सुधारण्यासारखे फारसे उरत नाही. सगळे आधीच ठरलेले असते.

लेखिका कितीही जवळच्या असल्या तरी करार लेखी करा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी नसेल तर ते ग्राह्य धरले जात नाही. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळे म्हटले नसेल, तर तो मुदत उरलेली असूनही संपतो. म्हणून पुढच्या गोष्टी स्पष्ट लिहा: छापील पुस्तक, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक आणि अनुवाद यांपैकी कोणते हक्क घेतले, किती वर्षांसाठी, मानधन छापील किमतीवर की हाती आलेल्या रकमेवर, हिशेब कोणत्या महिन्यात द्यायचा. ‘मानधन १० टक्के’ एवढेच लिहिले की दोन वर्षांनी ‘कशाच्या १० टक्के’ यावरून मने दुखावतात.

आता पानांचा हिशेब. डेमी पुस्तक कापून साडेपाच बाय साडेआठ इंचांचे होते, म्हणजे साधारण १४० बाय २१६ मिमी. आतला समास २० मिमी आणि बाहेरचा १६ मिमी ठेवला तर ओळ १०४ मिमी लांब राहते. आतला समास कमी करू नका. गोंदाच्या बांधणीत कण्याकडचे, म्हणजे पाने जिथे चिकटतात त्या पाठीकडचे, ४-५ मिमी वाचकाला दिसतच नाहीत. अक्षर साडेबारा पॉइंट आणि ओळींतले अंतर १७ पॉइंट धरले तर पानावर २८ ओळी बसतात, म्हणजे अंदाजे २७० शब्द. देवनागरीला रोमनपेक्षा ओळींत जास्त मोकळीक लागते, कारण खालून उकार येतो आणि वरून वेलांटी-मात्रा. साडेबाराला १५ पॉइंटचे अंतर दिले की वरच्या ओळीतला ‘कृ’ खालच्या ओळीतल्या ‘र्कि’ला टेकतो आणि पान काळवंडल्यासारखे दिसते.

४० हजार शब्दांची अशी १४८ पाने होतात. अर्धशीर्षक (फक्त पुस्तकाच्या नावाचे पान), शीर्षकपृष्ठ, श्रेयनामावली, अर्पणपत्रिका, मनोगत आणि अनुक्रमणिका मिळून ८ पाने धरा. झाली १५६. छपाई १६ पानांच्या फर्म्यात होते (फर्मा म्हणजे एकाच कागदावर छापून घडी घातलेली पाने), म्हणून पुस्तक १६० पानांचे, १० फर्म्यांचे करायचे. उरलेल्या ४ पानांत शेवटच्या लेखाला मोकळी सुरुवात देता येते. मजकूर १६२ पानांवर गेला तर अकरावा फर्मा घेऊ नका. लेखांच्या शेवटी दोन-तीन ओळींसाठी वाया गेलेली पाने शोधा, दोन पाने सहज निघतात. नाहीच निघाली तर अर्धा फर्मा घेऊन १६८ पाने करा. अक्षराचा आकार कमी करणे हा मार्ग नाही. मराठी ललित वाचणाऱ्यांत साठीच्या पुढचे वाचक पुष्कळ असतात.

कागद ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर, मॅपलिथो हा छपाईचा साधा कागद पुरेसा. पांढराशुभ्र कागद दुकानात उठून दिसतो, पण रात्री दिव्याखाली डोळ्यांना टोचतो. २३ बाय ३६ इंचांच्या एका ताव्यात डेमीची ३२ पाने बसतात. १६० पानांना प्रती पुस्तक ५ तावे, ५०० प्रतींना २५०० तावे, म्हणजे ५ रीम. प्रत्येक फर्मा लावताना शाई आणि दोन्ही बाजूंची छपाई जुळेपर्यंत १८ बाय २३ चे (अर्ध्या ताव्याचे) ५० एक तुकडे वाया जातात. १० फर्म्यांना ५०० तुकडे, म्हणजे पूर्ण आकाराचे २५० तावे. बाइंडरकडची नासाडी वेगळी. एकूण ६ रीम मागवा. ७० जीएसएमच्या या आकाराच्या रिमाचे वजन सुमारे १८.६ किलो भरते. कागद आला की एक रीम तोलून बघा. वजन १७ किलोच्या आसपास भरले, तर ६४-६५ जीएसएमचा कागद आलेला आहे आणि मागच्या पानावरची अक्षरे पुढे दिसणार आहेत.

कागदाच्या तंतूंची दिशा हा भाग बरेचजण छापखान्यावर सोडून देतात. सोडू नका. तंतू कण्याला समांतर असले पाहिजेत. आडवे असले तर पुस्तक उघडे राहत नाही, दाबून धरावे लागते, आणि पावसाळ्यात कण्याजवळ पानांना लाटा येतात. तपासणे सोपे आहे. कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा. ज्या रेषेभोवती तो गुंडाळला जातो, तीच तंतूंची दिशा. किंवा दोन्ही दिशांनी फाडून बघा. तंतूंच्या दिशेने कागद सरळ फाटतो, आडवा फाडला की वेडावाकडा जातो.

पैशांचे गणित आता मांडता येईल. पुढचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, दर आपापल्या छापखान्याकडून घ्या. समजा अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि प्लेटा (छपाईचे पत्रे) यांचा खर्च ३० हजार. तो १०० प्रती काढा नाहीतर २०००, तेवढाच राहतो. समजा कागद, छपाई आणि बांधणी प्रतीमागे ६० रुपये. ५०० प्रतींचा एकूण खर्च ६० हजार, प्रतीला १२० रुपये. १००० प्रतींचा ९० हजार, प्रतीला ९० रुपये. या ३० रुपयांच्या फरकाला भुलून लोक हजार प्रती काढतात. पण किंमत ३०० ठेवून विक्रेत्याला ४० टक्के सवलत दिली तर हाती १८० येतात. त्यातून छापील किमतीवर १० टक्के मानधन दिले की १५० उरतात. म्हणजे ५०० छापल्या तर ४०० विकल्यावर खर्च निघतो आणि १००० छापल्या तर ६०० विकल्यावर. नव्या संस्थेच्या पहिल्या ललितसंग्रहाच्या ६०० प्रती विकणे फार कठीण असते. ४०० सुद्धा आपोआप जात नाहीत, पण एक-दीड वर्ष नेटाने काम केले तर जातात. संपल्या की पुन्हा ५०० काढा. तेव्हा जुळणी आणि मुखपृष्ठाचा खर्च नसतो, त्यामुळे दुसरी खेप स्वस्त पडते.

याच गणितात किंमत २५० ठेवली तर हाती १५० येतात, मानधन वजा जाता १२५, आणि ५०० पैकी ४८० प्रती विकाव्या लागतात. लेखिकेच्या प्रती, अभिप्रायाच्या प्रती आणि कायद्याने द्यायच्या प्रती मिळून ४० ते ५० अशाच जातात. म्हणजे सगळे पुस्तक विकूनही तोटा. छोट्या संस्था बुडतात त्यामागे वाचक नसण्यापेक्षा संकोचाने कमी ठेवलेली किंमत जास्त वेळा असते. आणखी एक: छापील पुस्तकावर जीएसटी नाही, म्हणून कागद आणि छपाईवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो कर खर्चातच धरा.

आता मुद्रितशोधन. यावर थोडे सविस्तर लिहायला हवे.

हस्तलिखित टंकलेखकाकडे जाण्याआधी त्यावर संपादकाचा हात फिरलेला असावा आणि लेखनाची एक यादी तयार असावी. निवेदनात ‘केले, गेले’ की ‘केलं, गेलं’? आकडे देवनागरी की रोमन? वर्षे आकड्यांत, बाकीच्या संख्या अक्षरांत का? गावांची आणि माणसांची नावे कशी? ही यादी दोन पानांची पुरते, पण ती लेखिकेने वाचून मान्य केलेली असली पाहिजे. शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे नियम आहेतच. १९६२ मध्ये १४ नियम मान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ ची भर पडली. मात्र ते नियम बोलीला लावू नका. लेखात मिरजेचा टांगेवाला ‘काय करायलाय?’ म्हणत असेल, तर त्याला ‘काय करतो आहेस?’ म्हणायला लावणे हे शोधन नव्हे, ती नासधूस आहे. पुण्या-मुंबईकडचा मुद्रितशोधक घेतलात तर बोलीतल्या शब्दांची वेगळी यादी त्याच्या हाती द्या. कृष्णाकाठची बोली कागदावर टिकवणे हे इथल्या प्रकाशकाचे पहिले कर्तव्य आहे.

मजकूर श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला असेल आणि युनिकोडमध्ये बदलून घेतला असेल तर चुका ठरावीक जागी सापडतात. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन वेगळ्या संकेतांनी येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण शोध घेतला की एक सापडतो आणि दुसरा सुटतो. सुरुवातीलाच सगळे एका रूपात आणा. ‘ॲ’चेही तसेच: एकसंध अक्षर आणि अ वर चंद्र अशी दोन रूपे मिसळतात. ‘दुःख’मध्ये विसर्गाऐवजी अपूर्णविराम (कोलन) पडलेला असतो, त्यामुळे ओळीच्या शेवटी शब्द तुटून ‘दु:’ वर राहतो आणि ‘ख’ खाली जातो. ‘ख’चा ‘रव’ होतो, ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’. पहिली वेलांटी एक अक्षर पुढे किंवा मागे सरकते. हे सगळे वाचन सुरू होण्याआधी शोधा-बदला करून काढून टाका, नाहीतर मुद्रितशोधकाची नजर त्यातच थकते.

फाँट ठरवण्याआधी द्ध, द्व, ह्म, ह्य, ष्ट्र, ट्ट, ऱ्या, र्कि, ॲ ही अक्षरे पानाच्या आकारात छापून बघा. ल आणि श मराठी वळणाचे हवेत. मुक्त फाँटांत ‘टिरो देवनागरी मराठी’ पुस्तकाच्या मजकुराला चांगला आहे. इनडिझाइन या पाने मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडणी करत असाल तर परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावलेला आहे ना ते बघा. तो नसला की जोडाक्षरे सुटतात आणि वेलांट्या चुकीच्या अक्षरावर बसतात. एखाद्याच परिच्छेदाची शैली वेगळी असेल तर तेवढाच परिच्छेद बिघडतो आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही.

पहिले प्रूफ दोघांनी वाचायचे. एकाच्या हाती मूळ प्रत, दुसऱ्याच्या हाती प्रूफ. मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट. गळलेली ओळ आणि दोनदा आलेला परिच्छेद इथेच सापडतो. एकट्याने वाचताना वाक्य अर्थपूर्ण लागले की डोळा पुढे सरकतो. तासाला १० ते १२ पानांपेक्षा वेग वाढला तर वाचन थांबवा.

दुसरे प्रूफ अशा माणसाने वाचावे ज्याने मूळ लेख पाहिलेले नाहीत. मुळाशी ताडायचे नाही, फक्त वाचायचे. इथे सापडतात त्या अर्थाच्या चुका: आधी आत्या म्हटलेली बाई पुढे मावशी झाली, १९७२चा दुष्काळ पुढच्या लेखात १९७३चा झाला.

तिसऱ्या प्रुफात फक्त दुरुस्त्या बघायच्या, पण दुरुस्ती झालेला पूर्ण परिच्छेद आणि त्यानंतरची पाने बघायची. एक शब्द वाढला की ओळ सरकते, ओळ सरकली की परिच्छेदाची शेवटची एकच ओळ पुढच्या पानाच्या माथ्यावर जाते. शेवटी लेखांची शीर्षके, पृष्ठक्रमांक, माथ्यावरची शीर्षपट्टी आणि अनुक्रमणिका हे चार स्वतंत्र फेऱ्यांत तपासा, मजकूर न वाचता. पुस्तकातल्या सर्वांत लाजिरवाण्या चुका मोठ्या अक्षरांतच राहतात, कारण तिथे चूक असेल असे कुणाला वाटतच नाही. मुखपृष्ठ, कणा, शीर्षकपृष्ठ आणि श्रेयनामावली अशा चारही ठिकाणचे लेखिकेचे नाव शेजारी ठेवून ताडा. तिन्ही प्रुफे कागदावर, प्रत्यक्ष आकारात काढलेली हवीत.

छापखान्याला पीडीएफ द्या, उघडी (बदल करता येणारी) फाइल नको. मजकूर फक्त काळ्या शाईत असावा. चार रंग मिळून झालेला काळा असेल तर चारही प्लेटा तंतोतंत जुळत नाहीत आणि बारीक अक्षरांना छटा येते. मुखपृष्ठाला चारही बाजूंनी ३ मिमी जादा रंग सोडा. कण्याची जाडी अंदाजाने ठरवू नका. ज्या कागदावर छापणार त्याचेच ८० सुटे कागद (दोन्ही बाजू धरून १६० पाने) दाबून मोजा. ७० जीएसएमला ७ ते ८ मिमी येते. अंदाज २ मिमीने चुकला की कण्यावरचे नाव मलपृष्ठावर घसरते.

बांधणी. १६० पानांना गरम गोंदाची परफेक्ट बाइंडिंग चालते, पण फर्म्यांच्या घड्या नीट कापून कणा खरखरीत केलेला हवा. तसे केले नाही तर गोंद वरवर बसतो आणि मधली पाने सुटतात. पहिल्या १० प्रतींतली एक घ्या, मध्यभागी उघडून एक पान जोर लावून ओढा. ते गोंदासकट न निघता कण्याजवळ फाटले तर बांधणी पक्की. वाचनालयांत जाणारे पुस्तक असेल तर फर्मे दोऱ्याने शिवून घेण्याचा जादा खर्च जरूर करा. मुखपृष्ठाला ३०० जीएसएम आर्ट कार्ड आणि मॅट लॅमिनेशन छान दिसते, पण गडद रंगावर ओरखडे उठतात. गडद मुखपृष्ठाला ग्लॉस बरे. लॅमिनेशन एकाच बाजूला असते, दुसरी बाजू हवेतला ओलावा पिते, म्हणून पावसाळ्यात मुखपृष्ठे वाकतात. जुलै-ऑगस्टमध्ये छपाई टाळता आली तर टाळा. टाळता येत नसेल तर कागद वेष्टनासकट एक-दोन दिवस मशीनच्या खोलीत ठेवायला सांगा आणि छापलेले फर्मे २४ तास वाळल्याशिवाय घडीला घेऊ देऊ नका. प्रकाशन समारंभाची तारीख गठ्ठे घरी आल्यावर ठरवा. सभागृह आधी ठरले की घाई बाइंडरच्या माथी येते, ओली शाई समोरच्या पानावर उमटते आणि ५०० प्रतींत ती कायमची राहते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून मोफत मिळतो. छपाईच्या बरेच आधी अर्ज करा. पुठ्ठा बांधणी आणि साधी बांधणी यांना वेगळे क्रमांक लागतात, ई-पुस्तकालाही वेगळा. बारकोड पांढऱ्या चौकोनावर काळ्यातच छापा. लाल रेघा स्कॅनरला दिसत नाहीत. आणि ग्रंथालयांना पुस्तके देण्याच्या १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत चार प्रती स्वखर्चाने पाठवायच्या असतात: कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. पुष्कळ छोटे प्रकाशक हे करत नाहीत. करा. शंभर वर्षांनी कुणी या भागातले लेखन शोधायला निघाले तर ती प्रत तिथे असेल.

सांगलीत साठवणीचा विचार छपाईआधीच हवा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. नदीच्या बाजूच्या पेठांत तळमजल्यावर गठ्ठे ठेवणे म्हणजे भांडवल पाण्यात ठेवणे. पहिला मजला, तोही पूररेषेबाहेर असेल तर उत्तम. २५ प्रतींचे गठ्ठे क्राफ्ट कागदात बांधा, फळीवर आडवे ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. विमा घेतलात तर त्यात पुराचा समावेश आहे हे कागदावर वाचून खात्री करा. डांबरगोळ्या टाकू नका, तो वास कागदातून जात नाही.

विक्रीबाबत एकच गोष्ट ठासून सांगतो: आधी १०० किलोमीटरच्या आतला वाचक. ब्रिटिश काळात औंध संस्थानातल्या किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणाहून ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिके निघाली आणि महाराष्ट्रभर गेली, तेव्हा गाव लहान हे कारण पुढे करू नये. संक्रांतीला औदुंबरला भरणारे साहित्यसंमेलन, जिल्ह्याचे ग्रंथोत्सव, सांगली, मिरज, इस्लामपूर, कराड आणि साताऱ्यातली वाचनालये, लेखिकेने जिथे शिकवले त्या शाळांचे माजी विद्यार्थी. दुकानात माल ठेवताना पावती घ्या, तीन महिन्यांनी स्वतः जाऊन उरलेल्या प्रती मोजा.

टपालाने पाठवायला मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा आहे. सुरुवातीचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोला १०० रुपये, कर वेगळा. वर धरलेले १६० पानी पुस्तक मुखपृष्ठासह १९० ग्रॅमच्या आसपास भरते, वेष्टन धरूनही पहिल्या टप्प्यात बसते. २४० पानांचे पुस्तक नुसतेच २७० भरते आणि वेष्टनाचा पुठ्ठा लावला की ३००च्या पुढे जाते. पुढच्या पुस्तकाची पाने ठरवताना हे लक्षात ठेवा.

पहिल्या गठ्ठ्यातली एक प्रत बाजूला काढून तिच्यावर ‘दुरुस्ती प्रत’ लिहा. वाचक कळवतील ती प्रत्येक चूक तिच्यात तारखेसह लाल शाईने टिपा आणि मूळ फाइलमध्ये लगेच सुधारा. पुनर्मुद्रणाला आयएसबीएन तोच चालतो. श्रेयनामावलीत पुनर्मुद्रणाचा महिना आणि वर्ष घालायचे, मग नवी पीडीएफ काढून तिचे एक प्रूफ पुन्हा पूर्ण वाचायचे.